दंड लाडवाचा नाही

परदेशी विमानतळावर खाऊ जप्त झाल्याची कथा मराठी घरांत आता इतकी रुळली आहे की तिचे तपशील ऐकणाराच पुरवतो. आईवडील मुलीकडे सिडनीला किंवा सॅन होजेला निघालेले. बॅगेत मुगाची डाळ, खव्याची बर्फी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कढीपत्ता. उतरल्यावर गणवेशातला अधिकारी, शेजारी हुंगत फिरणारं कुत्रं. मग बॅग टेबलावर रिकामी होते, निम्मं सामान पिंपात जातं आणि हातात दंडाची पावती पडते. कथा इथवर खरी असते. पुढचा निष्कर्ष मात्र ज्येष्ठ नागरिक संघाच्या गप्पांपासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या स्नेहभोजनांपर्यंत एकाच साच्यातून निघतो: हा आपल्या अन्नाचा, म्हणजे आपला, अपमान आहे. गोऱ्यांना आपल्या फोडणीचा वास सोसत नाही, आणि ‘बायोसिक्युरिटी’ हे त्या नावडीला दिलेलं सभ्य नाव आहे.

हा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. तो चुकीचा आहेच, पण सोयीचाही आहे. आपण काय केलं हा प्रश्न त्यामुळे विचारावाच लागत नाही.

आधी वंशभेदाचं घेऊ, कारण आरोपांत तो सर्वांत जड आणि तपासायला सर्वांत सोपा. २०२२ च्या जुलैत बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या पाठपिशवीत अंडं आणि बीफ सॉसेजचे दोन मॅकमफिन आणि हॅमचा एक क्रॉसाँ सापडला. शोध लावला झिंटा नावाच्या कुत्र्यानं (नाव खरंच हेच आहे, आपल्या प्रीतीशी नातं नसावं). दंड झाला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर. मॅकडॉनल्ड्सची न्याहारी ही काही आशियाई संस्कृतीची मानबिंदू वस्तू नव्हे. त्याआधी २००५ मध्ये ऑस्करविजेती अभिनेत्री हिलरी स्वँक हिला न्यूझीलंडमध्ये एक सफरचंद आणि एक संत्रं न सांगता आणल्याबद्दल २०० डॉलरचा दंड भरावा लागला. २०१५ मध्ये जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांनी आपली दोन कुत्री खासगी विमानातून, कागदपत्रांशिवाय ऑस्ट्रेलियात नेली. तेव्हाचे कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी कुत्री परत न्या, नाहीतर मारून टाकू, असं उघडपणे बजावलं. पुढच्या वर्षी खोटी माहिती दिल्याचा गुन्हा हर्डबाईंना कोर्टात कबूल करावा लागला आणि नवरा-बायकोनं माफीची चित्रफीत काढली. आणि २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत लाळ्या खुरकूत निघाल्यावर, हंगेरी आणि स्लोव्हाकियातही तो पोहोचल्यावर, ब्रिटननं त्या एप्रिलपासून युरोपातून येणाऱ्या आपल्याच नागरिकांना फ्रेंच चीज आणि जर्मन सॉसेज बॅगेतून आणायला मनाई केली. गोव्याहून लिस्बनला किंवा लंडनला चोरीस सॉसेज घेऊन जाणाऱ्याला जो नियम लागतो, तोच पॅरिसहून परतणाऱ्या लंडनकराला लागू झाला.

समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावाही लपवत नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियानं या कारणासाठी व्हिसा रद्द करून परत पाठवलेली पहिली पर्यटक व्हिएतनामची होती. कोणी म्हणेल, बघा, शेवटी आशियाईच सापडली. पण तिच्या सामानात न सांगितलेलं कच्चं डुकराचं मांस, अंडी आणि फळं होती, आणि त्या वर्षी चीन आणि व्हिएतनाममध्ये आफ्रिकन स्वाइन फीवरनं डुकरांचे कळप संपत होते. ऑस्ट्रेलियन विमानतळांवर जप्त केलेल्या मांसाच्या नमुन्यांत त्याच विषाणूचे अंश सापडत होते. रोग जिथे असतो तिथल्या माणसाची बॅग जास्त उघडली जाते. रोग उद्या बव्हेरियात गेला, तर बव्हेरियाची उघडली जाईल.

आता दुसरा युक्तिवाद. तो ऐकायला फार गोड आहे: “हजारो वर्षं आपण हेच खातोय, आपल्याला काय झालं?” अहो, खाणाऱ्याच्या पोटाचा इथे प्रश्नच नाही. त्या अधिकाऱ्याला तुमच्या मुगाच्या खिचडीनं तुमच्या नातवाचं पोट बिघडेल अशी भीती वाटत नाही. त्याला भीती आहे मुगासोबत येणाऱ्या प्रवाशाची, ज्याच्याकडे पासपोर्ट नाही. आणि हा प्रवासी आपल्याला अपरिचित आहे असं तरी कोणी म्हणू नये. वर्षाचं धान्य भरणाऱ्या पिढीतल्या कोणत्याही आजीला विचारा. गव्हाला उन्हं कशासाठी दाखवायची? डाळीला एरंडेल का चोळायचं? डब्यात कडुनिंबाचा पाला का घालायचा? तांदळात सोंडे होतात, कडधान्याला टोके लागतात, रव्यात जाळी धरते, हे आपल्या स्वयंपाकघराचं रोजचं ज्ञान आहे. घरात हे ज्ञान वापरायचं आणि विमानतळावर मात्र आपलं धान्य गंगाजलासारखं शुद्ध असल्याचा आव आणायचा, हे कुठलं शहाणपण?

खापरा भुंगेरा हे या प्रकरणातलं मुख्य पात्र. मूळचा तो भारतीय उपखंडातलाच मानतात. मोठा झालेला भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा. नुकसान करते ती त्याची केसाळ अळी. ती पोत्याच्या शिवणीत, भिंतीच्या फटीत, पुठ्ठ्याच्या घडीत शिरते आणि खायला काही मिळालं नाही तरी वर्षानुवर्षे तग धरून राहते. नेहमीच्या कीडनाशकांना ती सहज दाद देत नाही. १९५३ मध्ये हा किडा कॅलिफोर्नियात सापडला. गोदामंच्या गोदामं ताडपत्रीत गुंडाळून आत मिथाइल ब्रोमाइड सोडण्याची मोहीम १९६६ पर्यंत चालली आणि त्या काळचे सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर त्यात गेले. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला एका घरात तो सापडला, तेव्हा अख्खं घर तंबूत झाकून धुरी द्यावी लागली. किडा आला होता ब्रिटनहून राहायला आलेल्या एका कुटुंबाच्या घरसामानातून. म्हणजे इथेही गोरा-काळा हा हिशेब जुळत नाही.

एवढं कळल्यावर पुढचे नियम लहरी वाटत नाहीत. अमेरिकेनं २०११ पासून खापऱ्याचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून प्रवाशांनी बॅगेत तांदूळ आणण्यावर बंदी घातली. बासमती असो वा आंबेमोहोर, किडा जात पाहत नाही. ऑस्ट्रेलियानं २०२० मध्ये प्रवाशांच्या सामानासाठी जी यादी काढली ती वाचताना आपल्या कोठीघराची फडताळं एकामागून एक उघडत गेल्यासारखं वाटतं: तांदूळ, हरभरा, मूग, मसूर, तूर, गहू, जिरे, धणे, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या मिरच्या. यादी आपल्यावर राग धरून केलेली वाटते खरी. पण ती केली आहे खापऱ्याच्या आवडीनिवडी बघून, आणि त्याच्या-आपल्या आवडी जुळतात याला कॅनबेरातला कारकून काय करणार?

“पण अर्ध्या किलोनं असं काय होणार आहे?” हा तिसरा युक्तिवाद. याचं उत्तर द्यायला मला अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. लातूरला जाऊ.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सोयाबीन उगवून वर आलं आणि एका रात्रीत शेतं बोडकी दिसू लागली. शंखी गोगलगायींनी कोवळी रोपं फस्त केली होती. शेतकरी सकाळ-संध्याकाळ बादल्या भरभरून गोगलगायी वेचत होते, मिठात टाकत होते, गुळाच्या पाण्यात बुडवलेली गोणपाटं बांधावर पसरत होते. अनेकांना पुन्हा पेरणी करावी लागली आणि सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. ही गोगलगाय मराठवाड्याची नाही, भारताचीही नाही. ती पूर्व आफ्रिकेतली. ती इथे कशी आली याची नोंद आहे. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या एका अभ्यासकानं मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी हौसेनं कलकत्त्याला आणल्या. त्या मित्राकडे गेल्या, आणि मित्रानं चौरंगीतल्या बागेत सोडून दिल्या. त्या बागेतून बाहेर पडलेली पिलावळ देशभर पसरली. कलकत्त्याच्या धक्क्यावर त्या दिवशी एखादा कटकट्या अधिकारी असता, त्यानं बेन्सनसाहेबांचा डबा उघडून आतला माल उकळत्या पाण्यात टाकला असता, आणि साहेबांनी इंग्लंडला परतून या उद्धटपणाविषयी चार पानं खरडली असती, तर ती पानं आज आपण कोणत्या बाजूनं वाचली असती?

अमेरिकेतही हीच गोगलगाय आली. १९६६ मध्ये मायामीतला एक मुलगा हवाईहून येताना तीन गोगलगायी घेऊन आला. आजीनं त्या बागेत सोडल्या. सात वर्षांनी मोजणी अठरा हजारांवर गेली, आणि त्यांचा नायनाट करायला दहा वर्षांच्या आसपास काळ आणि दहा लाख डॉलर लागले. तीन! अर्धा किलोही नाही.

आणखी घरचं उदाहरण हवं असेल तर पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेत भरलेलं गाजरगवत आहेच. ते अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ‘काँग्रेस गवत’ म्हणून गेली सत्तर वर्षं आपण त्याला शिव्या देतो. त्याच्यामुळे कोणाला दमा झाला, कोणाच्या कातडीवर चट्टे उठले, कोणाचं रान पडीक झालं. बाहेरून नकळत आलेली वस्तू काय करते हे ज्यांना मराठीत समजतं, त्यांना इंग्रजी फॉर्मवर ते समजेनासं का व्हावं?

कढीपत्त्याची तक्रार मात्र मला मनातून कळते. डाळ सगळीकडे मिळते. झाडावरून तोडलेल्या कढीपत्त्याचा वास मिळत नाही. म्हणूनच तो लपवून नेण्याचं प्रमाण मोठं असावं. आणि नेमका तोच सर्वांत घातक. कढीपत्त्याच्या पानांवर सिट्रस सायला नावाचा चिमुकला किडा राहतो आणि संत्र्या-मोसंबीच्या झाडांना ग्रीनिंग या रोगाचे जिवाणू तोच पोचवतो. रोग झालेलं झाड बरं होत नाही. फळं वेडीवाकडी, अर्धी हिरवी राहतात आणि गळतात. फ्लोरिडात हा किडा १९९८ मध्ये सापडला, रोग २००५ मध्ये. त्या राज्यात १९९७-९८ च्या हंगामात संत्र्यांच्या २४ कोटी ४० लाख पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये दीड कोटीच्या जरा वर. मधल्या काळात वादळं आली, बागा विकून घरंही बांधली गेली, सगळा दोष एका किड्याच्या माथी मारता येणार नाही. पण बागाईतदारांना विचारलं तर ते पहिलं नाव त्याचंच घेतील.

यावर ‘आपल्या पुडीत किडा असेलच कशावरून’ असं म्हणणाऱ्यासाठी २००९ च्या जुलैतली एक नोंद पुरेशी आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथे एका शोधक कुत्र्यानं भारतातून आलेली एक बॅग हुडकून काढली. आत कढीपत्ता होता, कढीपत्त्यावर सायला होते, आणि तपासणीत त्या किड्यांमध्ये ग्रीनिंगचे जिवाणू निघाले. तोवर कॅलिफोर्नियाच्या बागांत हा रोग पोचलेला नव्हता. नागपुरी संत्र्याचा बागाईतदार हे वाचून खांदे उडवणार नाही. डिंक्या, कोळशी आणि सायला यांनी त्याच्या आयुष्याची वर्षं खाल्ली आहेत. ग्रीनिंग विदर्भात आहे आणि तो किती महाग पडतो हे त्याला ठाऊक आहे. फ्रेस्नोजवळचा शेतकरी त्याचाच सोयरा. त्या बॅगेच्या मालकाशी नातं जोडून त्या शेतकऱ्याला वंशद्वेष्टा ठरवण्यात कसली अस्मिता?

चौथा आक्षेप व्यापाराचा: “तीच तूरडाळ तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळते. मग ती चालते आणि आमची चालत नाही? त्यांना धंदा करायचा आहे, दुसरं काय!” चलाख आक्षेप आहे, पण अर्धा. दुकानातली डाळ कंटेनरमधून येते. तिच्याबरोबर पिकाच्या आरोग्याचा सरकारी दाखला असतो, तिला धुरी दिलेली असते, बंदरावर तिचे नमुने काढतात, आणि काही निघालं तर माल कोणाचा हे कागदावरून कळतं. तुमच्या बॅगेतली डाळ मंडईतून आली की मामाच्या शेतातून, हे फक्त तुम्हाला माहीत, आणि विचारल्यावर तुम्ही ‘डाळ नाहीच’ असं सांगितलेलं असतं. व्यापाऱ्याला झुकतं माप मिळतं हेही खरं नाही. २०२५ च्या मे महिन्यात नवी मुंबईहून रीतसर विकिरण करून गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेनं कागदपत्रांतल्या त्रुटीवरून अडवल्या आणि निर्यातदारांना तो माल तिथेच नष्ट करावा लागला. निर्यातदार ओरडले, आणि कागदाच्या चुकीसाठी चांगला आंबा मारला ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते. पण यानंतर ‘नियम फक्त गरीब प्रवाशाला’ असं म्हणायला तोंड राहत नाही.

शिजवलेल्या, तळलेल्या पदार्थांचं काय? इथे आपल्या लोकांची बाजू सर्वांत भक्कम आहे आणि नेमकी तीच ते मांडत नाहीत, कारण मांडायला आधी खरं सांगावं लागतं. अमेरिकेत भाजलेलं, तळलेलं, दळलेलं पुष्कळ काही अधिकारी बघतात आणि सोडतात. गोडा मसाला, चकल्या, चहा यांवर सहसा कोणी अडत नाही. दूध आलं की गोष्ट बदलते. भारतात गाई-म्हशींना लाळ्या खुरकूत होतो आणि तो आटोक्यात आणायला आपण २०१९ पासून बारा हजार कोटींहून मोठा लसीकरण कार्यक्रम चालवतो आहोत. ऑस्ट्रेलियात हा रोग १८७२ नंतर नाही, अमेरिकेत १९२९ नंतर नाही. साध्या पाश्चरीकरणानंही त्याचा विषाणू पूर्ण मरेलच अशी खात्री नसते. “आम्ही खवा तासभर आटवला होता” असं तुम्ही म्हणाल आणि ते खरंही असेल, पण बर्फीकडे बघून ते सिद्ध करण्याची सोय त्या टेबलावर नाही. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये याच रोगापायी साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, सार्वत्रिक निवडणूक महिनाभर पुढे गेली, आणि एकूण फटका आठ अब्ज पौंडांच्या घरात गेला. त्या साथीचा उगम शोधत अधिकारी नॉर्थंबरलँडमधल्या एका डुक्करपालकापर्यंत पोचले, जो न उकळलेलं खरकटं जनावरांना घालत होता. त्या खरकट्यात चोरून आणलेलं परदेशी मांस असावं, हाच अंदाज सर्वांत बळकट मानला गेला.

आता मूळ दुखण्याकडे येतो. माझ्या मते ते दुखणं आपल्या जकातीच्या आठवणीत आहे. आपल्या दोन पिढ्यांनी ‘कस्टम’ म्हणजे काय ते सांताक्रूझ आणि सहारच्या विमानतळांवर शिकलं. दुबईहून येणारा काका मनगटावर दोन घड्याळं चढवून यायचा. टू-इन-वन वापरलेला दिसावा म्हणून त्यावर ओरखडे काढायचे. मुलीच्या गळ्यातली साखळी ‘इथूनच नेली होती’ असं सांगायचं. तेव्हाचे कर अवाच्या सवा होते आणि त्यांना चुकवण्यात पापापेक्षा पराक्रम जास्त मानला जाई. पुढे सवलतीची रक्कम टप्प्याटप्प्यानं वाढली तरी खेळ तोच राहिला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सपाट पडद्याचे टीव्ही सवलतीतून वगळले, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती ‘आता कसा आणायचा’ याचीच. ग्रीन चॅनलमधून न अडता बाहेर पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचा आनंद असतो.

हीच हुशारी घेऊन आपण सिडनीला उतरतो. पण जकात हा पैशाचा व्यवहार आहे. चुकवली तर सरकारचं नुकसान, पकडली गेली तर भरून मोकळं होता येतं, आणि दर अन्यायाचा वाटला तर त्याविरुद्ध बोलण्याचा हक्कही आहे. किडीवर कर भरून ती आत नेता येत नाही. खापऱ्याला ग्रीन चॅनल नसतो. दोन्ही ठिकाणी गणवेश सारखाच दिसतो म्हणून आपण दोन्ही गोष्टी एक समजतो, आणि मग बाराशे रुपयांच्या डाळीसाठी शेकडो डॉलरचा दंड बघून ‘लूट’ म्हणून ओरडतो. तो दंड डाळीच्या किमतीवर ठरत नाही. तो ‘नाही’ या उत्तराचा असतो.

हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. ऑस्ट्रेलिया असो की अमेरिका, तुम्ही ‘आहे’ म्हटलंत, बॅग उघडून दाखवलीत, तर जे चालतं ते परत मिळतं, जे चालत नाही ते काढून घेतात, आणि दंड होत नाही. खात्री नसेल तरी ‘आहे’ म्हणा, असं त्या सूचनांमध्ये साफ लिहिलेलं असतं. अमेरिकेत पहिल्या खेपेचा नेहमीचा दंड ३०० डॉलरचा, आणि तो लपवण्याबद्दल. म्हणजे अपमानाच्या ज्या कथा आपण ऐकतो, त्यांतल्या बहुतेकींत एक वाक्य गाळलेलं असतं: अधिकाऱ्यानं आधी विचारलं होतं.

नियम सगळे शहाणे आणि अधिकारी सगळे सभ्य, असं मी म्हणत नाही. एकच लोणचं एक अधिकारी सोडतो आणि दुसरा फेकतो, हे होतं. सत्तरीच्या बाईला घाईघाईच्या इंग्रजीत प्रश्न विचारून, तिला तो नीट कळला का हे न पाहता उत्तर लिहून घेणं अन्यायाचं आहे, आणि त्याबद्दल लेखी तक्रार केलीच पाहिजे. इमिग्रेशनच्या खिडकीवर नावावरून, रंगावरून, धर्मावरून होणारी अडवणूक हाही खरा विषय आहे. शाहरुख खानला २००९ मध्ये नेवार्कला थांबवलं गेलं, तेव्हा देश चिडला ते उगाच नाही. पण तो प्रश्न वेगळा आहे. खव्याच्या बर्फीला त्याच्या पंगतीला बसवलं की खऱ्या भेदभावाची तक्रारही हलकी होते.

राग काढायचाच असेल तर घरीही जागा आहे. आपल्याकडे १९१४ पासून घातक कीटक आणि किडींचा कायदा आहे, २००३ चा वनस्पती विलगीकरणाचा आदेश आहे, भारतात उतरणाऱ्यानं बियाणं, रोपं, मांस, दुधाचे पदार्थ यांची माहिती द्यायची असते. दिली कोणी? थायलंडहून ऑर्किडची रोपं, नेदरलँड्सहून ट्युलिपचे कंद हातातल्या पिशवीत घेऊन आलेल्यांचं आपण कौतुक करतो. २०१४ मध्ये टोमॅटोवरची टूटा नागअळी पुण्याजवळ सापडली, २०१८ मध्ये लष्करी अळी कर्नाटकात दिसली आणि त्याच हंगामात सोलापूरकडच्या मक्यात शिरली. त्या नेमक्या कशा आल्या हे सांगणं कठीण, पण त्या आल्यावर फवारणीचा खर्च कोणाच्या खिशातून गेला हे सांगणं कठीण नाही. आपल्या विमानतळांवर कोणी झिंटा का नाही, असा लेख मात्र मी अजून वाचलेला नाही.

हापूसची आठवण द्यायची राहिली. अमेरिकेचं दार आपल्या आंब्याला २००७ मध्ये उघडलं, ते लासलगावला ४०० ग्रेच्या मात्रेचं विकिरण देण्याची अट पाळून, कोयीतल्या किड्याची भीती दूर करून. २०१४ च्या १ मे पासून युरोपनं फळमाशीच्या कारणावरून आपला आंबा आणि काही भाज्या बंद केल्या, तेव्हा वाशीच्या बाजारात भाव कोसळले होते. पुढच्या वर्षी उष्णजलाची प्रक्रिया वगैरे करून दार पुन्हा उघडलं. देवगड-रत्नागिरीच्या बागाईतदारानं एवढी वर्षं घालून कमावलेला विश्वास आहे तो. आणि जावयासाठी डझनभर आंबे स्वेटरमध्ये गुंडाळून नेणारा माणूस पकडला गेला, तर त्या फळातली अळी त्याच्या नावानं नोंदली जात नाही. नोंद होते ती भारताच्या नावानं.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे, आणि तो आईवडिलांना उद्देशून नाहीच. परदेशात राहणाऱ्या मुलांना नियम माहीत असतात. ते त्या देशाचे करदाते आहेत, अनेकजण नागरिक आहेत, कचरा चार रंगांच्या पिंपांत वेगळा टाकतात. तरी फोनवर सूचना कोणती असते? “आई, सगळीकडे ‘नो’ वर खूण कर. काही विचारलं तर इंग्रजी येत नाही म्हण.” बाबांच्या बॅगेत कढीपत्ता कोण मागवतं? त्याचा देठ मोडून, ओल्या फडक्यात बांधून, साड्यांच्या घडीत कुठे ठेवायचा हे व्हिडिओ कॉलवर कोण समजावतं? मग बॅग उघडली जाते, आणि आयुष्यभर बसचं तिकीटही न चुकवलेली बाई परक्या देशात खोटं बोललेली म्हणून टेबलापाशी उभी राहते. मुलगा त्या वेळी बाहेर, अरायव्हलच्या कठड्याला टेकून, विमान उतरून दीड तास झाला तरी हे लोक का येत नाहीत म्हणून मोबाइलवर वंशभेदाविषयी लिहायला घेतो. खोट्या उत्तराखालची सही त्याची नसते. दंडाची पावती आईच्या नावानं फाटते, आणि ऑस्ट्रेलियात प्रकरण वाढलं तर रद्द होतो तो व्हिसाही तिचाच.